ली क्वान यू, आमचा ब्लॉक आणि माझी फाइल

भारतातून सिंगापूरला पाहुणे आले, मरिना बे आणि सेंटोसा उरकलं, की कुणीतरी विचारतंच, "ते ली क्वान यूंचं स्मारक कुठे आहे? पुतळा वगैरे?" विशेषतः मामांच्या पिढीतले. देश उभा करणारा पहिला पंतप्रधान म्हटलं की त्यांना चौक हवा, हार हवा, खाली कोनशिला हवी.

मी त्यांना सिंगापूर नदीकाठी नेते. तिथे एक पांढराशुभ्र पुतळा आहे, हाताची घडी घालून उभा. मामा फोटोसाठी मोबाइल काढतात आणि तेवढ्यात मी सांगते, की हा स्टॅमफर्ड रॅफल्स, ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, १८१९ साली इथे उतरलेला. गोऱ्याचा पुतळा अजून ठेवलाय? हो, ठेवलाय. त्यात प्रेमाचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त. अल्बर्ट विन्सेमियस नावाचे डच अर्थतज्ज्ञ १९६०-६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर इथे आले होते. त्यांनी नव्या सरकारला सांगितलं, की रॅफल्सला हात लावू नका. तो जागेवर दिसला की बाहेरच्या गुंतवणूकदाराला कळेल, इथे आपला कारखाना कुणी बळकावणार नाही. ली यांनी ते ऐकलं. त्यांचा स्वतःचा चौकातला पुतळा मला आजवर कुठेही दिसलेला नाही.

नोटा काढून बघा. सगळ्या नोटांवर युसुफ इशाक आहेत, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, मूळचे मलय पत्रकार. विमानतळ नुसता 'चांगी'. ली गेल्यावर त्यांचं नाव विमानतळाला द्या अशी टूम निघाली होती, पण ती तिथेच राहिली. २००४ पासून विद्यापीठातली सार्वजनिक धोरणांची एक संस्था त्यांच्या नावाने आहे, आणि २०२३ मध्ये जन्मशताब्दीला दहा डॉलरचं एक सोनेरी नाणं निघालं. शेजारच्या अंकलनी ते मिळवलं आणि कपाटात ठेवून दिलं. विचारलं तर म्हणाले, "ठेवायचं. खर्च करायचं नाही. त्यालाही आवडलं असतं."

मग हा माणूस नेमका सापडतो कुठे? माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या कपाटातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. त्यात फ्लॅटचे कागद आहेत, सीपीएफची, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीची, विवरणपत्रं आहेत, मुलाच्या शाळेची पत्रं आहेत आणि संरक्षण मंत्रालयाचं एक पत्र आहे. मी इथली नागरिक नाही, पीआर, म्हणजे कायम रहिवासी आहे. मला मत नाही. तरी माझ्या आयुष्यातला असा एकही मोठा कागद नाही, ज्यामागे १९५९ ते १९९० या काळात पंतप्रधान असलेल्या त्या वकिलाचा एखादा निर्णय नाही.

फ्लॅटपासून सुरू करते, कारण इथे सगळंच फ्लॅटपासून सुरू होतं.

आम्ही तोआ पायोहमध्ये राहतो, एचडीबीच्या जुन्या ब्लॉकमध्ये. मी एका बांधकाम कंपनीत हिशेब बघते. आमची कंपनी जुन्या ब्लॉकची दुरुस्तीची कामं करते, त्यामुळे छताचं काँक्रीट फुगून पोपडे कुठल्या वर्षीच्या बाथरूममध्ये निघतात हे मला बिलांवरून पाठ झालंय. एचडीबी, म्हणजे गृहनिर्माण मंडळ, १९६० च्या फेब्रुवारीत स्थापन झालं. त्याआधी इंग्रजांची एक संस्था होती. तिने तीसेक वर्षांत सुमारे तेवीस हजार घरं बांधली. एचडीबीने पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त बांधली. मंडळाचे पहिले अध्यक्ष लिम किम सान मुळात व्यापारी; साबुदाण्याची यंत्रं वगैरे बनवून पैसे मिळवलेला माणूस. बारीकसारीक परिपूर्णतेच्या मागे न लागता आधी डोक्यावर छप्पर द्यायचं, हा त्यांचा खाक्या. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याला एकाच माणसाच्या नावावर सगळं खपवायची सवय असते. गोह केंग स्वी यांनी जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत काढली, तेव्हा लोक तिला 'गोहचा वेडेपणा' म्हणत होते. एस. राजरत्नम यांनी मुलं शाळेत रोज म्हणतात ती प्रतिज्ञा लिहिली. आता मरिना बेच्या पूर्वेकडच्या बागेत जे स्मारक बांधताहेत, तेही 'संस्थापकांचं', अनेकवचनी. बाहेरच्या जगाला एकच नाव माहीत आहे ही गोष्ट वेगळी.

अंकल बुकित हो स्वीचे. २५ मे १९६१, बकरी ईदची सुट्टी, आणि लाकूड-झावळ्यांच्या त्या वस्तीला आग लागली. चार माणसं गेली, जवळजवळ सोळा हजार लोक उघड्यावर आले. अंकल तेव्हा लहान होते. आईने शिवणयंत्र उचललं आणि त्यांना त्याच्या मागे चालायला लावलं, एवढंच त्यांना आठवतं. वर्षभरात त्याच जागी नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या. आग लागली की लावली, अशी कुजबुज त्या वेळी होती, अंकलच्या आईचंही तेच मत होतं. पुरावा कधी कुणी दिला नाही. पण आईने फ्लॅट घेतला आणि पुढे आयुष्यभर मतही ली यांच्याच पक्षाला दिलं. मी विचारलं, "आईला संशय होता तरी?" अंकल म्हणाले, "नळ होता ना घरात."

१९६४ पासून हे फ्लॅट विकत घेता यायला लागले, आणि १९६८ मध्ये त्यासाठी सीपीएफचे पैसे वापरायला परवानगी मिळाली. हा निधी सुरू केला इंग्रजांनीच, १९५५ मध्ये. पण माझ्या पगारातले २० टक्के आणि कंपनीचे १७ टक्के दर महिन्याला तिकडे जातात आणि त्यातूनच घराचा हप्ता फिटतो, ही जोडणी ली यांच्या सरकारची. पगार हातात येण्याआधीच घराचा हप्ता गेलेला असतो. ज्याचं घर आहे तो देशासाठी लढेल, भाडेकरू कशाला लढेल, असा त्यांचा सरळ विचार होता. आज इथले सुमारे तीन चतुर्थांशांहून जास्त लोक एचडीबीत राहतात आणि त्यातले बहुतेक मालक आहेत.

मालक, म्हणजे ९९ वर्षांचे.

हे पाहुण्यांना सांगितलं की ते दचकतात. घर तुमचं, पण जमीन सरकारची, आणि ९९ वर्षांनी सगळं परत. जमीन सरकारकडे आली ती १९६६ च्या भूसंपादन कायद्यामुळे. भरपाई तेव्हा बाजारभावाने नव्हती आणि त्या मालकांच्या नातवंडांच्या घरात तो राग अजून आहे. तोआ पायोह, क्वीन्सटाउन इथल्या पहिल्या ब्लॉकचं अर्धं आयुष्य सरलंय. वर्षानुवर्षं लोकांना वाटत होतं, की जुना ब्लॉक झाला की सरकार पाडेल आणि शेजारी नवा देईल. २०१७ मध्ये लॉरेन्स वाँग यांनी (तेव्हा गृहनिर्माण त्यांच्याकडे होतं, आता ते पंतप्रधान आहेत) जाहीर लिहिलं, की सगळ्यांना तसं मिळणार नाही. तेव्हापासून आमच्या ब्लॉकखालच्या बाकांवर गणितं चालतात. मुलाला काय मागे ठेवणार? पंचेचाळीस वर्षं? ली यांनी लोकांना मालक केलं आणि मालकीला तारीखही घातली. पहिल्या पिढीला ती तारीख दिसत नव्हती, कारण झोपडीतून आलेल्या माणसाला ९९ वर्षं म्हणजे कायमचंच वाटतं. आता तिची बिलं येऊ लागली आहेत.

फाइलमधला दुसरा कागद फ्लॅट घेतानाचा. एजंटने किमतीच्या आधी विचारलं, "तुमचा वंश?" मी नवऱ्याकडे बघितलं. तो इथे माझ्या आधीपासून होता, त्याने शांतपणे "इंडियन" सांगितलं. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकला आणि प्रत्येक परिसराला कोटा आहे. चिनी जास्तीत जास्त इतके, मलय इतके, भारतीय आणि इतर इतके. सध्या ब्लॉकमध्ये आमच्या वर्गाची मर्यादा १५ टक्के. मुंबईत कुठल्या सोसायटीत कुणाला घर मिळत नाही हे पाहिलेल्या माणसाला हा नियम सुरुवातीला स्वर्गीय वाटतो. आमच्या मजल्यावर एक मलय कुटुंब, दोन चिनी, एक तमिळ आणि आम्ही. ईदला भाताचा केतुपात येतो, चिनी नववर्षाला संत्री, आमच्याकडून चकल्या जातात. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, शनिवारी मलय लग्न आणि मंगळवारी त्याच जागी चिनी अंत्यविधी. हे आपोआप झालेलं नाही, टक्केवारी लावून घडवलेलं आहे.

का घडवलं हेही अंकलकडूनच कळलं. १९६४ च्या जुलैमध्ये, पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीनंतर, चिनी-मलय दंगल पेटली आणि २३ माणसं मेली; सप्टेंबरमध्ये पुन्हा, आणखी १३. तेव्हा सिंगापूर मलेशियात होतं. वर्षभराने, ९ ऑगस्ट १९६५ ला, बाहेर पडलं किंवा काढलं गेलं, दोन्ही खरं. टीव्हीवर बोलताना ली रडले, ती फीत इथल्या प्रत्येक मुलाने शाळेत पाहिलेली असते. माझ्या मुलानेही. दरवर्षी २१ जुलैच्या सुमारास शाळेत वांशिक सलोखा दिन असतो. मुलं एकमेकांचे कपडे घालतात. आमचा चिरंजीव कुर्ता घालून जायचा आणि त्याचा चिनी मित्रही कुर्ताच घालून यायचा, कारण त्याला चिनी कॉलर गळ्याशी घट्ट व्हायची.

पण कोट्याला दुसरी बाजू आहे आणि ती अल्पसंख्याकांवरच पडते. ब्लॉकमध्ये चिनी कोटा भरलेला असेल, तर भारतीय किंवा मलय मालकाला आपलं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही. गिऱ्हाइकं मुळात चिनीच जास्त. म्हणजे विकायला महिने लागतात आणि भाव पाडावा लागतो. सरकारलाही हे मान्य आहे. २०२२ पासून अगदीच अडलेल्या मालकांची घरं एचडीबी स्वतः विकत घेऊ शकतं. सलोख्याची किंमत कुणीतरी मोजायची तर ती १५ टक्क्यांनी का मोजायची, हा प्रश्न मी ऑफिसात एकदा काढला. सगळ्यांनी कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप उचलले आणि विषय पावसावर गेला.

भाषेचं तर विचारूच नका. देशाच्या अधिकृत भाषा चार: मलय, मँडरिन, तमिळ, इंग्रजी. शिक्षण इंग्रजीतून आणि सोबत 'मातृभाषा'. ती मातृभाषा तुमची आई बोलते ती असेलच असं नाही. भारतीय मुलांसाठी तमिळ, आणि पुढे हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू अशा पाच भाषांना परीक्षेत जागा मिळाली. मराठी त्यात नाही. इथली मराठी मुलं बहुधा हिंदी घेतात, आणि सरकारी कागदावर त्यांची मातृभाषा हिंदी होते. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पचलं नाही. "अगं, पण याची आई तू ना?" असं त्या फोनवर विचारायच्या.

आमचं निदान घरी मराठी टिकलं. अंकलच्या घरी काय झालं ते बघते तेव्हा मला माझी तक्रार बारकी वाटते. ली यांचं स्वतःचं घर इंग्रजी बोलणारं. १९६१ च्या पोटनिवडणुकीत चिनी मतदारांपुढे बोलता यावं म्हणून ते होक्किएन शिकले, तिशी उलटल्यावर, घाम गाळून. आणि मग त्याच माणसाने १९७९ मध्ये 'मँडरिन बोला' मोहीम काढली आणि होक्किएन, तेओच्यू, कँटोनीज या बोली रेडिओ-टीव्हीवरून हळूहळू हद्दपार केल्या. मुलांच्या डोक्यात दोन भाषाच मावतात, तिसरीला जागा नाही, असा त्यांचा हिशेब. अंकलच्या आईला होक्किएनशिवाय काही येत नव्हतं. नातवंडांना इंग्रजी आणि मँडरिन. आजी आणि नातू एका फ्लॅटमध्ये राहून एकमेकांशी खाण्यापुरतं बोलत. चीन मोठा झाला तेव्हा मँडरिन कामाला आलं हे खरंच आहे. अंकलचा धाकटा मुलगा शांघायमध्ये चांगली नोकरी करतो. आजीचा हिशेब त्यात कुठे मांडायचा ते मला कळत नाही, आणि मी हिशेबनीस आहे.

काही गोष्टी त्यांच्या अंगाशीही आल्या. १९७२ पासून 'दोनच पुरेत' मोहीम जोरात चालवली. मग १९८३ मध्ये राष्ट्रीय दिनाच्या भाषणात, शिकलेल्या बायका लग्न करत नाहीत, मुलं होऊ देत नाहीत, म्हणून ली यांनी चिंता व्यक्त केली, आणि पदवीधर आयांच्या मुलांना शाळाप्रवेशात प्राधान्य देणारी योजना आली. बायका खवळल्या, पदवीधर बायकाही. १९८५ मध्ये ती गुंडाळली. २०२३ मध्ये जननदर ०.९७ वर आला. याबाबतीत सिंगापूरच्या बायकांनी त्या माणसाला सरळ नाही म्हटलं, आणि तो नकार कुठल्याही कायद्याने गुन्हा ठरत नाही म्हणून शिक्षाही झाली नाही.

भ्रष्टाचाराबद्दल मात्र मी टोपी काढते. भ्रष्टाचार चौकशी विभागही इंग्रजांच्याच काळातला, १९५२ चा. ली यांनी तो दातांसकट वापरला. १९८६ मध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळातले, राष्ट्रीय विकास खात्याचे मंत्री तेह चियांग वान यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप आला. तेह यांनी भेट मागितली. चौकशी संपेपर्यंत भेटता येणार नाही, असं उत्तर गेलं. तेह यांनी आत्महत्या केली. निष्ठुर वाटतं, आहेच. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी परिवहनमंत्री ईश्वरन यांना भेटवस्तू घेतल्याबद्दल बारा महिन्यांची कैद झाली, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं, आश्चर्य नाही. आमच्याकडे दिवाळीला एखाद्या पुरवठादाराने मिठाईचा डबा पाठवला तरी तो वहीत चढवून सगळ्यांत वाटायचा. ती वही मी लिहिते. काजूकतली, अर्धा किलो, अमुक तारीख.

आता अवघड भाग. अंकल बहुतेक विषयांवर मोकळेपणाने बोलतात, एका विषयावर नाही. २ फेब्रुवारी १९६३ च्या पहाटे 'कोल्डस्टोर' कारवाईत शंभराहून जास्त डावे नेते, कामगार पुढारी, पत्रकार विनाखटला तुरुंगात टाकले गेले. त्यातले लिम चिन सिओंग हे एकेकाळी ली यांच्याच पक्षाचे संस्थापक सदस्य, आणि चिनी कामगारांत ली यांच्यापेक्षा जास्त लोकप्रिय. चिया थाय पोह १९६६ मध्ये पकडले गेले. खासदार होते. एकदाही खटला चालला नाही. २३ वर्षं कैदेत, मग काही काळ सेंटोसा बेटावर एका खोलीत नजरकैदेत. पाहुण्यांना रोपवे आणि मत्स्यालय दाखवायला आपण नेतो तेच सेंटोसा. त्यांच्यावरचे शेवटचे निर्बंध १९९८ मध्ये उठले. १९८७ मध्ये आणखी २२ जण, बरेचसे चर्चचे कार्यकर्ते आणि नाटकवाले, 'मार्क्सवादी कट' म्हणून आत. जे. बी. जेयरत्नम १९८१ मध्ये स्वतंत्र सिंगापूरमध्ये निवडून आलेले पहिले विरोधी खासदार ठरले आणि पुढे बदनामीच्या दाव्यांनी दिवाळखोर झाले.

ली यांचे समर्थक म्हणतात, तो काळच तसा होता, कम्युनिस्ट खरोखर होते, देश बुडाला असता. असेल. पण १९८७ मध्ये देश बुडत नव्हता. मला जे दिसतं ते एवढंच, की पाणी, घर, शाळा, झाडं या सगळ्यांइतकाच पक्का वारसा म्हणजे आवाज खाली करायची सवय. तिला आता कुणी सांगावंही लागत नाही. हा लेख लिहिताना मीही काही वाक्यं खोडली आहेत. कुठली, ते सांगत नाही.

आणि फाइलमधलं शेवटचं पत्र. एनएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवेचं.

मार्च १९६७ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. देशाकडे तेव्हा सैन्य असं जवळजवळ नव्हतंच. शिकवायला इस्रायली अधिकारी आणले. आजूबाजूला मुस्लिमबहुल देश, म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणायचं ठरलं होतं. आता प्रत्येक मुलगा, नागरिक असो की दुसऱ्या पिढीचा पीआर, अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं देतो आणि नंतरही बरीच वर्षं राखीव दलात बोलावला जातो. इथल्या मराठी घरांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एक चर्चा हमखास सुरू होते: एनएस करायचं, की त्याआधीच पीआर सोडून निघायचं? कुणी ऑस्ट्रेलियाला जातात, कुणी परत. नियम चुकवून गेलं तर पुढे मुलाला इथे शिक्षण, नोकरी सगळं अवघड होतं. आमच्या घरी ही चर्चा जेवणाच्या टेबलावर बरीच वर्षं चालली आणि एक दिवस मुलानेच संपवली. "मी इथलाच आहे ना? मग?"

भरतीच्या दिवशी फेरीने तेकोंग बेटावर आईवडिलांनाही नेतात. बराकी दाखवतात, मुलं शपथ घेतात, मग सगळे मिळून भोजनगृहात जेवतात. आमच्या टेबलावर एक मलय आई होती, ती सारखी मुलाच्या ताटातला भात वाढवत होती. तिच्या नवऱ्याने सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी मलय मुलांना एनएसला बऱ्याचदा बोलावतच नसत, आणि बोलावलं तर पोलिसांत नाहीतर अग्निशमन दलात. शेजारी मलेशिया, म्हणून विश्वास नव्हता. ली यांनी हे पुढे उघड बोलूनही दाखवलेलं आहे. तो गृहस्थ कडवटपणे बोलत नव्हता. मुलाकडे बघत होता, तो चिलखती दलात जाईल का याचा अंदाज घेत. माझा मुलगा केस कापून आला तेव्हा मला त्याचे कान पहिल्यांदाच एवढे मोठे दिसले. रडले नाही. नवरा रडला.

ली २३ मार्च २०१५ ला गेले, ९१ व्या वर्षी. संसद भवनात ठेवलेल्या पार्थिवाच्या दर्शनाला साडेचार लाखांहून जास्त लोक आले. मीही पडांगच्या मैदानावरून सुरू झालेल्या त्या रांगेत रात्रभर होते. पुढे एक टॅक्सीवाले होते, त्यांना आयुष्यभर त्या सरकारचा वैताग होता असं त्यांनीच सांगितलं. तरी आले होते. अंत्ययात्रेच्या दिवशी मुसळधार पाऊस पडला, त्यावर इथे इतकं लिहिलं गेलंय की मी लिहीत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. ३८, ऑक्स्ली रोड. ऑर्चर्ड रोडच्या मागे हा जुना बंगला आहे. त्याच्या तळघरातल्या जेवणाच्या खोलीत १९५४ मध्ये पक्ष काढायच्या बैठका झाल्या. ली यांची इच्छा स्पष्ट होती: मी गेलो की घर पाडा. २०११ मध्ये मुलाखतीत कारणंही दिली होती. नेहरूंचं घर, शेक्सपिअरचं घर आपण पाहिलंय, लोक तुडवून तुडवून त्याची रया जाते. शिवाय घराला धड पाया नाही, भिंतींत ओल आहे, दुरुस्तीला पैसे लागतील, आणि घर पडलं तर शेजाऱ्यांना उंच बांधता येईल, त्यांच्या जमिनीचा भाव वाढेल. स्वतःच्या स्मृतीचा असा जमाखर्च मांडणारा दुसरा राष्ट्रसंस्थापक मला माहीत नाही. मृत्युपत्रातही ते लिहिलं. मग २०१७ मध्ये मुलांमध्ये भांडण जुंपलं. एका बाजूला तेव्हाचे पंतप्रधान असलेला थोरला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी आणि धाकटा मुलगा, आणि सगळं फेसबुकवर. ज्या देशात आम्ही कोपी पिताना आवाज खाली करतो तिथे. मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये वारली, धाकट्याने घर पाडायला परवानगी मागितली, आणि २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जपणार.

म्हणजे ज्याने भूसंपादन कायदा करून हजारोंच्या जमिनी राष्ट्रहितासाठी घेतल्या, त्याच्या शेवटच्या इच्छेपेक्षाही राष्ट्रहित मोठं ठरलं. सरकारचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. त्या तळघरात खरोखर देश ठरला. पण जो माणूस सगळ्यांना सांगायचा की भावना बाजूला ठेवा आणि हिशेब बघा, त्याचाच हिशेब भावनेपोटी मोडला गेला, आणि मोडणारे त्याचेच शिष्य, याची गंमत मला सोडवत नाही.

हे अंकलना बोलून दाखवलं. ते बराच वेळ बाकावर पाय हलवत बसले. मग म्हणाले, घर ठेवणंही चूक आणि पाडून तिथे बाग करणंही चूक. ऑर्चर्ड रोडपासून चालत पाच-दहा मिनिटं, मोक्याची जागा. चाळीस मजली एचडीबी बांधा, सोडत काढा. "आणि कोटा?" मी विचारलं. "कोटा तर हवाच," अंकल म्हणाले, "नाहीतर तो वरून पत्र पाठवेल."